हातगाडी बरोबर तीन मोटारी

अशोक चौकात, चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली
आठ ते अकरा आम्ही मोजत होतो.
मुबीना दुचाक्या, मी बाकीचं सगळं.
बाकीचं म्हणजे
सिटी बस, टमटम, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर,
विडीची पानं लादलेली सायकल,
उलट्या बाजूनं, कडेकडेनं, देवाच्या भरवशावर येणारी रिक्षा,
आणि एक म्हैस,
जिला तक्त्यात रकाना नव्हता.

तक्ता बिराजदार सरांनी दिलेला.
त्यात मोटार म्हणजे एक.
बाकी साऱ्या जगाचं माप मोटारीत.
दुचाकी अर्धी. बस तीन.
हातगाडी, तीही तीन.
मी दोनदा वाचलं.
साखर पेठेतून सुताचे बीम लादून
तीस वर्षं हातगाडी ढकलणाऱ्या माझ्या नायनांना
तीन मोटारींचा मान
या गावात पहिल्यांदाच कुणी देत होतं.
खाली बारीक अक्षरात: पादचारी धरू नयेत.
म्हणजे संध्याकाळी गाडी कारखान्यात लावून
पायी घरी येणारे नायना
शून्य.

सॉफ्टवेअर परदेशातलं.
तिथल्या रस्त्यावर पट्टे असतात, आणि पट्ट्यांत माणसं असतात.
पुढच्याच्या मागे दोन सेकंद सोडून चालतात,
जणू त्याला काही खासगी बोलायचंय.
इथं दोन सेकंद मोकळे सोडले तर त्यात
दोन लुना, एक शाळकरी पोरगा
आणि केळ्यांची पाटी मावते.

पहिल्या दिवशी चौक भरला, बटण दाबलं.
समोरून रिक्षा आली. समोर मोटार उभी.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या जन्मभर.
अंग जरा तिरकं केलं की वाट होते
हे दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं.
मी पट्टे पुसले.
गाड्यांना आरसे मिटायला शिकवलं,
फटीत नाक घालायला,
हॉर्न म्हणजे राग नाही, 'मी आहे' एवढंच, हेही.
सोळा रात्री गेल्या.
मग कुठं चौक
चौकासारखा तुंबला.

सर खूश. म्हणाले, आता हातगाड्या काढून चालव.
काढल्या.
वाहनामागे एकोणीस सेकंद वाचले.
लिही शिफारस, सर म्हणाले:
सकाळी नऊ ते अकरा हातगाड्यांस मनाई.
लिहिली. ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक न करता.

रात्री नायना आमटीत कडक भाकरी चुरत होते.
मी विचारलं, चौकात थांबता का हो तुम्ही?
"छे. भरलेली गाडी थांबली
की पुन्हा हलवायला दुसरा माणूस लागतो.
तो कुठून आणू?
लांबूनच बघायचं, हळू व्हायचं, हात वर करायचा.
मोटारवाला शिवी देतो,
पण वळसा घालतो."

माझ्या चौकात मात्र त्यांची गाडी
दर वेळी शहाण्यासारखी थांबायची,
आणि दर वेळी एकटीच निघायची, कुणीही न ढकलता.

तेवढं एक बदललं.
एकोणीसचे अकरा झाले.
आठ सेकंदांवर मनाई रद्द होते का, माहीत नाही.
सर आधी म्हणतील, आकडे पुन्हा तपास.

पहाटे पाणी यायच्या आधी नायनांना पडद्यापुढं बसवलं.
"यातला मी कुठला?"
ही, तपकिरी चौकट.
त्यांनी सदऱ्याला चष्मा पुसला.
चौकट चौक ओलांडून जाईपर्यंत
दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट,
जणू दांडाच धरलाय.
पलीकडे गेल्यावर म्हणाले,
"उजवं चाक डगडगतं माझं.
ते यात दिसत नाही."